हरवल्याचे ज्यांना कळत नाही, त्यांचा शोध : ब्रिटनमधील स्वयंसेवी पथकांची कार्यपद्धती

नवी दिल्ली : ब्रिटनमध्ये दर ९० सेकंदांना एक व्यक्ती बेपत्ता झाल्याची खबर पोलिसांकडे पोहोचते. 'मिसिंग पीपल' या तेथील धर्मादाय संस्थेच्या हिशेबानुसार वर्षाकाठी सुमारे १ लाख ७० हजार माणसांची अशी नोंद होते. त्यांतील बहुतेक जण दिवस-दोन दिवसांत सुखरूप सापडतात. अनेक जण तर आपल्या पायांनी घरी परततात. प्रश्न उरतो तो ज्यांना परतता येत नाही त्यांचा. स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध, मनाने खचून घराबाहेर पडलेली माणसे, स्वमग्न मुले, औषधांची वेळ चुकली तर जिवावर बेतेल असे रुग्ण यांच्या बाबतीत शोध दिवसांत नव्हे, तासांत मोजावा लागतो. अशा प्रसंगी पोलिसांच्या बोलावण्यावरून मध्यरात्री अंथरुणातून उठून शेतात, रानात आणि नदीकाठी उतरणारी प्रशिक्षित स्वयंसेवकांची पथके ब्रिटनमध्ये अनेक परगण्यांत उभी राहिली आहेत. 'लोलँड रेस्क्यू' या नावाने ती ओळखली जातात. त्यांना वेतन मिळत नाही आणि पोलिसांकडून ती शुल्कही घेत नाहीत.

ही पथके नेमके काय करतात, त्यांचे शास्त्र कशावर उभे आहे आणि भारतातील परिस्थितीशी त्याचा काय संबंध आहे, याचा हा आढावा.

सखल प्रदेशाची उणीव

ब्रिटनमध्ये संकटात सापडलेल्यांना स्वयंसेवकांनी वाचवण्याची परंपरा जुनी आहे. समुद्रावर 'रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन' ही संस्था १८२४ पासून काम करते. डोंगराळ भागात गिर्यारोहकांनीच १९३०च्या दशकापासून बचाव पथके बांधली. मात्र दक्षिण आणि पूर्व इंग्लंडचा मोठा भाग सपाट आहे. तेथे शेते, कुंपणे, कालवे, छोटी वने आणि उपनगरे एकमेकांत मिसळलेली आहेत. अशा भागात कोणी कड्यावरून पडत नाही, म्हणून तेथे बचाव पथकाची गरज नाही, असा समज बराच काळ होता. प्रत्यक्षात माणसे तेथेही हरवत होती. फक्त ती गिर्यारोहक नव्हती. कालांतराने सरे, बर्कशायर, हॅम्पशायर, नॉरफोक, सफोक यांसारख्या परगण्यांत ही उणीव भरून काढणारी पथके उभी राहत गेली आणि पुढे ती एका राष्ट्रीय संघटनेखाली आली. आज अशी तीसहून अधिक पथके आहेत.

कामाची विभागणी स्पष्ट आहे. किनारा आणि समुद्र यांची जबाबदारी तटरक्षक दलाची, तर जमिनीवरील शोधाची पोलिसांची. स्वयंसेवी पथक स्वतःहून शोध सुरू करू शकत नाही आणि कुटुंबीयांनाही त्याला थेट बोलावता येत नाही. त्यांनी ९९९ या क्रमांकावर पोलिसांना कळवायचे. पथक हवे की नको, हे पोलीस ठरवतात. ही अट बाहेरून पाहणाऱ्याला लालफितीसारखी वाटेल. पण ती नसती तर पथकांचे काम चाललेच नसते. बेपत्ता व्यक्तीचा शोध हा कोणत्याही क्षणी गुन्ह्याचा तपास ठरू शकतो. एखादा बूट, रुमाल किंवा मोबाइल सापडला, तर तेथेच थांबायचे, त्याला हात लावायचा नाही, जागा राखून ठेवायची आणि बिनतारी संचावरून कळवायचे, हे स्वयंसेवकाला पहिल्याच प्रशिक्षणात शिकवले जाते. दहा लोकांनी तुडवलेली जागा न्यायालयात पुरावा म्हणून फारशी उपयोगी पडत नाही.

पोलिसांच्या बाजूने या कामाची सूत्रे 'पोलीस सर्च ॲडव्हायझर', म्हणजे शोधकार्याचे खास प्रशिक्षण घेतलेला अधिकारी, याच्या हाती असतात. या पदाचा उगम वेगळ्याच घटनेत आहे. ब्रायटन येथील हॉटेलात १९८४ साली सत्ताधारी पक्षाच्या अधिवेशनावेळी बॉम्बस्फोट झाला. त्यानंतर इमारती आणि परिसर पद्धतशीरपणे तपासू शकणारे अधिकारी घडवण्यास सुरुवात झाली. स्फोटके हुडकण्यासाठी विकसित झालेली ही शिस्त पुढे हरवलेल्या माणसांच्या कामी आली.

स्वयंसेवक शिक्षक असतात, सुतार असतात, परिचारिका, संगणक अभियंते आणि निवृत्त टपाल कर्मचारीही असतात. भरती होताना त्यांची पार्श्वभूमी तपासली जाते. प्राथमिक पात्रता मिळाल्यावर ते 'सर्च टेक्निशियन' होतात. अनुभवानंतर काही जण तुकडीप्रमुख आणि मोजके जण शोधनियोजक होतात. नकाशावाचन, प्रथमोपचार, रात्रीची हालचाल, पाण्याजवळची सुरक्षितता यांची उजळणी वर्षभर चालते. बूट आणि पावसाळी कपडे अनेकांना पदरमोड करूनच घ्यावे लागतात. वाहने, इंधन आणि उपकरणे यांसाठी पथके बाजारपेठेत डबे घेऊन उभी राहतात, जत्रांतून निधी जमवतात.

जोखमीची प्रतवारी

इंग्लंड आणि वेल्समधील पोलिसांच्या 'कॉलेज ऑफ पोलिसिंग' या व्यावसायिक संस्थेने बेपत्ता व्यक्तीच्या जोखमीच्या पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. उघड धोका नाही, धोका कमी आहे, मध्यम आहे किंवा अधिक आहे, असा निर्णय खबर मिळताच घ्यावा लागतो. धोका अधिक ठरला, तर तत्काळ मनुष्यबळ उतरवणे क्रमप्राप्त ठरते. स्वयंसेवी पथकांना येणारी बोलावणी बहुतांशी याच गटातील असतात.

शोधाची सुरुवात जेथून माणूस गेला तेथूनच होते. वृद्ध आजोबा तासाभरापूर्वी घरातून नाहीसे झाले असतील, तर पोलीस आधी तेच घर पुन्हा तपासतात. माळा, कपाट, पलंगाखालची जागा, बागेतील अवजारांची खोली, शेजाऱ्याची मोटार उभी करण्याची जागा पाहिली जाते. कुटुंबीयांनी 'सगळे घर पाहिले' असे सांगितले तरी हा नियम मोडला जात नाही. मैलभर रान पालथे घालून झाल्यावर माणूस घरातच सापडल्याचे अनुभव या क्षेत्रात सर्वपरिचित आहेत.

पाणबुडीपासून पायवाटेपर्यंत

शोधकार्याचे शास्त्र दुसऱ्या महायुद्धात जन्माला आले. शत्रूच्या पाणबुड्या अथांग समुद्रात कशा शोधाव्यात, या प्रश्नावर अमेरिकी नौदलासाठी काम करणारे गणितज्ञ बर्नार्ड कूपमन यांनी जो सिद्धान्त मांडला, तोच आज जमिनीवर वापरला जातो. त्यात दोन प्रश्न वेगळे केले जातात. माणूस या क्षेत्रात असण्याची शक्यता किती? आणि तो तेथे असेलच, तर आपल्या शोधात तो दिसण्याची शक्यता किती? या दोहोंच्या गुणाकारावरून कोणत्या क्षेत्रात आधी माणसे पाठवायची ते ठरते.

एक साधे उदाहरण घेता येईल. नियोजकांच्या मते बेपत्ता आजी ओढ्याकाठच्या रानात असण्याची शक्यता ४० टक्के आहे आणि उरलेल्या परिसरात ६० टक्के. रानात तुकडी जाऊन आली. तिच्या शोधाची खात्री ५० टक्के होती आणि आजी सापडल्या नाहीत. आता रानाची शक्यता शून्य झाली का? नाही. ती ४० वरून २५ टक्क्यांवर आली आणि उरलेल्या परिसराची ६० वरून ७५ टक्क्यांवर गेली. 'तिकडे पाहून झाले' या वाक्याला शोधनियोजकाच्या तंबूत फारशी किंमत नसते. किती बारकाईने पाहिले, हा पुढचा प्रश्न लगेच येतो. एखादे क्षेत्र दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा तपासण्याचा निर्णय अविश्वासातून नव्हे, तर या हिशेबातून निघतो.

मग तो पहिला ४० टक्क्यांचा आकडा येतो कोठून? येथे गणित थांबते आणि माणसांचा अभ्यास सुरू होतो. अमेरिकेतील विल्यम सिरोटक यांनी १९७०च्या दशकात हरवलेल्या माणसांच्या नोंदी तपासून एक गोष्ट दाखवली. शिकारी, गिर्यारोहक, लहान मूल आणि वृद्ध हे सारे वेगवेगळ्या रीतीने हरवतात. कोण किती दूर जातो आणि कोठे सापडतो, यात प्रत्येक गटाची आपली तऱ्हा असते. रॉबर्ट कोएस्टर यांनी हा धागा पुढे नेला. अनेक देशांतील शोधमोहिमांच्या नोंदी एकत्र करून त्यांनी आंतरराष्ट्रीय माहितीसाठा उभारला आणि २००८ मध्ये 'लॉस्ट पर्सन बिहेव्हियर' हे पुस्तक प्रसिद्ध केले. शोधपथकांच्या वाहनात ते आज नकाशाइतकेच हमखास आढळते. ब्रिटनमध्ये डेव्हिड पर्किन्स, पीट रॉबर्ट्स आणि जेड फीनी यांनी 'सेंटर फॉर सर्च रिसर्च' या संस्थेमार्फत स्थानिक नोंदींवर आधारलेला स्वतंत्र अभ्यास केला. हे तिघेही संशोधनासोबत डोंगरातील बचावकार्याशी जोडलेले होते.

या माहितीसाठ्यांत प्रत्येक मोहिमेनंतर भर पडते. माणूस शेवटचा दिसला ते ठिकाण, सापडला ते ठिकाण, सरळ रेषेतील अंतर, जमिनीचा चढउतार, वाट आणि सापडण्याची जागा यांतील अंतर, प्रकृती या सगळ्यांची नोंद होते. नकाशावर शेवटच्या ठिकाणाभोवती वर्तुळे काढली जातात, ती या नोंदींच्या आधारे.

ओ न देणारी माणसे

स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत या अभ्यासाने शोधाची रीतच बदलली. डोंगरात वाट चुकलेला तरुण हाक मारतो, उंचवट्यावर चढतो, दिव्याच्या दिशेने चालतो. आपण हरवलो आहोत, हे त्याला ठाऊक असते. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला ते ठाऊक नसते. तिच्या दृष्टीने ती कामावर निघाली आहे, मुलीला शाळेतून आणायला चालली आहे किंवा आईच्या घरी परतते आहे. ते कार्यालय ४० वर्षांपूर्वी बंद पडलेले असेल, ते घर पाडले गेले असेल. तिच्यासाठी ती आजची ठिकाणे असतात. अशी व्यक्ती निघालेल्या दिशेनेच पुढे जात राहते आणि काहीतरी आडवे आले की अडकते. ती वाट सोडून झुडपांत, काटेरी कुंपणात किंवा ओढ्याच्या खोलगट भागात शिरते आणि तेथून मागे फिरण्याचे तिला सुचत नाही. बहुतेक वेळा ती फार दूर गेलेली नसते. अनेकदा शोधणारे तिच्यापासून काही पावलांवरून पुढे गेलेले असतात.

कारण हाक मारली तरी ती ओ देत नाही. परक्या माणसांचा आवाज, विजेऱ्यांचे झोत, कुत्र्याचे भुंकणे यांनी ती अधिकच आक्रसून बसते. पथकांकडे 'ध्वनिरेषा' नावाचे एक प्रभावी तंत्र आहे. तुकडीतील सर्वजण अंतरा-अंतरावर एका ओळीत उभे राहतात, ठरलेल्या क्षणी एकदम शिट्ट्या फुंकतात आणि मग श्वास रोखून उत्तराची वाट पाहतात. वाट चुकलेल्या पदभ्रमण करणाऱ्यासाठी ही रीत थोड्या माणसांत मोठा परिसर उरकते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णासाठी तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. तेथे डोळ्यांनीच पाहावे लागते. कुंपणाच्या दोन्ही बाजू पाहायच्या, झुडूप वाकवून आत डोकवायचे, आणि दर काही पावलांनी मागे वळून पाहायचे, कारण पुढून न दिसलेले मागून दिसते.

दोन स्वयंसेवकांमधील अंतर किती असावे, हेही अंदाजाने ठरत नाही. पर्किन्स आणि रॉबर्ट्स यांनी सुचवलेली पद्धत अशी : माणसाच्या आकाराची किंवा शोधायच्या वस्तूएवढी एखादी गोष्ट त्या जमिनीवर ठेवायची, ती जेमतेम दिसेनाशी होईपर्यंत मागे सरकायचे आणि तेवढेच अंतर दुसऱ्या बाजूला धरायचे. उघड्या कुरणात हे अंतर मोठे निघते, नेच्याच्या दाट झाडीत अगदी लहान. खांद्याला खांदा लावून सरळ रेषेत चालणाऱ्या माणसांची भिंत दूरचित्रवाणीवर परिणामकारक दिसते. मात्र बेपत्ता माणसाच्या शोधासाठी ती फार संथ असते. त्याऐवजी प्रत्येकाने आपल्या पट्ट्यात नागमोडी चालत, माणूस लपू शकेल अशा प्रत्येक जागी वळून जाणे अधिक फलदायी ठरते.

ब्रिटनच्या हवामानात वेळ हा निर्दय घटक आहे. शरद ऋतूतील ओलसर रात्री, झोपण्याच्या कपड्यांत आणि घरातील सपातांवर बाहेर पडलेल्या ऐंशी वर्षांच्या व्यक्तीचे शरीर काही तासांत गारठते. पहिल्या २४ तासांनंतर जिवंत सापडण्याची शक्यता लक्षणीय घटते, असे कोएस्टर यांच्या माहितीसाठ्यातून दिसून आले. म्हणूनच 'सकाळ होऊ द्या, मग पाहू' हा सल्ला या गटासाठी मोडीत निघाला आणि रात्रीचा शोध हे या पथकांचे नित्याचे काम झाले.

मनाने खचून निघालेल्या व्यक्तींचा शोध आणखी वेगळा. त्यांना हाका ऐकू येतात, पण सापडायचे नसते. अशी व्यक्ती बहुधा घरापासून फार लांब जात नाही. तिच्या आठवणींशी जोडलेली एखादी जागा, जेथून दूरवरचे दिसते असे एखादे ठिकाण ती निवडते, असे नोंदी सांगतात. त्यामुळे कुटुंबीयांशी बोलणारा अधिकारी कपड्यांच्या रंगाबरोबरच ती व्यक्ती एकटी असताना कोठे जाऊन बसे, हेही विचारतो. सापडल्यावर काय बोलावे, किती जवळ जावे, एकाच स्वयंसेवकाने बोलावे आणि इतरांनी मागे राहावे, याचे प्रशिक्षण दिले जाते.

स्वमग्न मुलांबाबत अमेरिकेतील एका पाहणीचा दाखला नेहमी दिला जातो. 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत चार वर्षांवरील स्वमग्न मुलांपैकी ४९ टक्के मुलांनी किमान एकदा सुरक्षित जागेतून निघून जाण्याचा प्रयत्न केल्याचे पालकांनी सांगितले. पाण्याची ओढ हा त्यातील सर्वांत घातक भाग. परिसरात तळे, कालवा किंवा पोहण्याचा तलाव असेल, तर पहिली तुकडी थेट तेथेच धाडली जाते, मग मूल दुसऱ्या दिशेने गेल्याचे कोणी सांगितले असले तरी.

श्वान आणि ड्रोन यांचा उल्लेख केल्याविना हे वर्णन पुरे होत नाही. हवेतून येणारा मानवी गंध टिपणारे कुत्रे वाऱ्याच्या रोखाने मोठे क्षेत्र तपासतात. माग काढणारे कुत्रे मात्र विशिष्ट व्यक्तीच्या कपड्याचा वास घेऊन तिच्याच पावलांमागे जातात. उष्णतादर्शक कॅमेरा बसवलेल्या ड्रोनने उघड्या शेतांचे काम मिनिटांवर आणले आहे. पण दाट पानांखाली आणि पाण्यात तो आंधळा असतो, आणि स्मृतिभ्रंशाचा रुग्ण बहुधा झुडपातच अडकलेला असतो. तंत्रज्ञानाच्या कौतुकात ही मर्यादा विसरली जाते.

आधीच लिहून ठेवलेला कागद

माणूस हरवल्यावर घाबरलेल्या कुटुंबाकडून त्याचे बालपणीचे गाव, जुनी नोकरी, लाडकी बसफेरी यांची माहिती काढण्यात मोलाचा वेळ जातो. यावर नॉरफोक पोलिसांनी एक साधा उपाय शोधला. संभाव्य रुग्णाची ही सारी माहिती घरच्यांनी किंवा शुश्रूषागृहाने आधीच एका अर्जात भरून ठेवायची. प्रसंग येताच तो पोलिसांच्या हाती द्यायचा. त्याला 'हर्बर्ट प्रोटोकॉल' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेले सैनिक जॉर्ज हर्बर्ट यांना पुढे स्मृतिभ्रंश झाला. आपले लहानपणीचे घर शोधण्यासाठी ते पुनःपुन्हा बाहेर पडत. अशाच एका वेळी त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या नावाचा हा कागद आज ब्रिटनमधील अनेक पोलीस दले वापरतात. त्यासाठी ना उपग्रह लागतो, ना मोठा खर्च.

प्रत्येक शोधाचा शेवट गोड होत नाही. पथकाला कधी मृतदेहच सापडतो, कधी काहीच सापडत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच स्वयंसेवकाला वर्गात किंवा कचेरीत हजर व्हायचे असते. या मानसिक भाराची दखल घेऊन पथकांनी मोहिमेनंतरच्या संवादाची आणि समुपदेशनाची व्यवस्था केली आहे. दुसरी अडचण समाजमाध्यमांनी आणली. इंग्लंडच्या वायव्य भागात २०२३ मध्ये एका महिलेच्या शोधादरम्यान हौशी तपासनिसांची आणि चित्रफिती बनवणाऱ्यांची इतकी गर्दी झाली की पोलिसांना लोकांना पांगवण्याचे आदेश काढावे लागले. मदतीची इच्छा आणि मदतीची पात्रता यांतील अंतर त्या प्रकरणात उघडे पडले.

भारतातील चित्र

भारतात हा प्रश्न लहान नाही. देशातील ६० वर्षांवरील लोकसंख्येच्या ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पातळीवरील अभ्यासात मांडण्यात आला. वृद्धांच्या वाढत्या संख्येच्या देशाला काय सोसावे लागते, ते जपानमध्ये दिसते. तेथे त्याच वर्षी स्मृतिभ्रंश असलेल्या १९,०३९ व्यक्ती बेपत्ता झाल्याची नोंद पोलिसांकडे झाली.

मुलांच्या बाबतीत भारतातील कायदेशीर चौकट तुलनेने भक्कम आहे. 'बचपन बचाओ आंदोलन' या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार बेपत्ता बालकाच्या प्रत्येक तक्रारीवर गुन्हा नोंदवून, अपहरण किंवा मानवी तस्करी झाल्याचे गृहीत धरूनच तपास सुरू करावा लागतो. प्रौढ व्यक्ती हरवली, तर ठाण्यात 'मिसिंग'ची नोंद होते आणि पुढचे बरेचसे त्या ठाण्याच्या तत्परतेवर अवलंबून राहते.

स्वयंसेवकांची मात्र येथे वाण नाही. प्रयागच्या मेळ्यात राजाराम तिवारी यांनी १९४६ साली सुरू केलेल्या 'भूले-भटके शिविरा'ने पिढ्यान्‌पिढ्या चुकामूक झालेल्यांना घरच्यांच्या स्वाधीन केले. पंढरीच्या वारीतही ध्वनिक्षेपकावरून नावे पुकारली जातात. पण ही रीत गर्दीतल्या हरवलेपणासाठी आहे. तेथे कोणीतरी वृद्धेला हाताला धरून शिबिरात आणून सोडतो आणि तिला आपले नाव व गाव सांगता आले की काम होते. ज्याला नावच आठवत नाही आणि जो निर्जन नाल्यात अडकला आहे, त्याच्यापर्यंत ध्वनिक्षेपक पोहोचत नाही.

महाराष्ट्रात सह्याद्रीच्या कडेकपारींतील बचावकार्याचे जाळे गिर्यारोहण संस्थांनी विणले आहे. लोणावळ्याची 'शिवदुर्ग मित्र', खोपोलीची 'यशवंती हायकर्स' अशा संस्था आणि त्यांच्यात मेळ राखणारे 'महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर' पोलीस व महसूल यंत्रणेच्या बोलावण्यावरून धावून जातात. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हाही गिर्यारोहक स्वयंसेवक मदतीला होते. दोर, स्ट्रेचर, रात्रीची चाल आणि पोलिसांशी समन्वय या साऱ्याची त्यांना सवय आहे. ब्रिटनमध्ये डोंगरातील पथके आधी आली आणि सखल भागातील नंतर. महाराष्ट्रात पहिला टप्पा पार पडलेला आहे. संध्याकाळी पुण्याच्या किंवा नागपूरच्या उपनगरातून निघून गेलेल्या आजोबांसाठी मात्र अजून असे ठरलेले पथक नाही. तेथे धावतात ते नातेवाईक, सोसायटीतील तरुण आणि व्हॉट्सॲपवरील छायाचित्र.

साखळीच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे वर्षानुवर्षे रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना त्यांच्या घरी पोहोचवण्याच्या कामात, कर्जतच्या 'श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन'चे नाव घ्यावे लागते. डॉ. भरत वाटवानी यांना त्यासाठी २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. उपचारांनंतर रुग्णाला आठवेल त्या गावाचे नाव धरून कार्यकर्ते त्याला देशाच्या दूरच्या राज्यांत नेऊन सोडतात.

ठाण्यातील बेपत्ता व्यक्तीच्या नोंदीत साधारणपणे उंची, बांधा, वर्ण, अंगावरचे कपडे, बोलीभाषा आणि ओळखीच्या खुणा लिहून घेतल्या जातात. माणूस समोर आला तर तो ओळखता यावा, यासाठी हे रकाने आहेत. त्याला कोठे शोधावे, हे त्यांतून कळत नाही. जुना पत्ता, पूर्वीचे कामाचे ठिकाण, रोजचे देऊळ, माहेरचे गाव यांच्यासाठी रकाना सहसा नसतो. दिल्ली, मुंबई यांसारख्या शहरांत एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची नोंद पोलीस ठाण्यात ठेवण्याची पद्धत आहे. ही माहिती तिच्यातच जोडणे फारसे अवघड नाही.

तोवर हा कागद घरच्यांना स्वतःच तयार करता येतो. त्यावर अलीकडचे छायाचित्र, चालू औषधे आणि ती चुकल्यास होणारा परिणाम, पूर्वीची राहण्याची व नोकरीची ठिकाणे, नेहमीची बस किंवा लोकल, हाक मारल्यावर प्रतिसाद मिळेल असे लाडके नाव, कोणत्या भाषेत बोलल्यास भीती कमी होते आणि याआधी निघून गेल्यावर ती व्यक्ती कोठे सापडली होती, एवढे असावे. माणूस दिसेनासा झाल्यावर घर, गच्ची, जिना आणि पाण्याची टाकी पाहून लगेच ११२ या क्रमांकावर कळवावे. २४ तास थांबण्याची गरज नाही. बालकांसाठी १०९८ आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ या राष्ट्रीय मदतवाहिन्या आहेत.